उंबरठ्यावरची भाषा : धर्मप्रचारकाचा दिनक्रम आणि पेण-रोह्याकडील काही पुरावा

धर्मप्रचारकांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एकात त्यांच्या त्यागाचे गुणगान असते, दुसऱ्यात त्यांच्या हेतूंची झडती असते. दोन्ही वर्गांत त्यांचा दिवस कसा जात असे हे मात्र क्वचितच येते. वस्तुतः प्रचारकाचा बहुतेक वेळ उपदेश करण्यात जात नाही. तो परकी भाषा शिकण्यात, ती बोलताना चुकण्यात, कोणाच्या तरी दाराशी उभे राहून आत जावे की परत फिरावे याचा अंदाज घेण्यात, आणि समोरचा मनुष्य जे बोलला त्याचा अर्थ आपणांस खरोखर लागला काय, या शंकेत जातो. ह्या दैनंदिन बाजूचा भाषाशास्त्राच्या अंगाने थोडा विचार करावा व त्यासाठी पेण आणि रोहे या परिसराचा पुरावा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठी आरंभी एक परके उदाहरण घेणे सोयीचे होईल. जोसेफ स्मिथ याने १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या मॉर्मन पंथात तरुणांनी आयुष्यातील सुमारे दोन वर्षे प्रचारकार्यास द्यावीत अशी रीत आहे. विशीच्या आसपासची ही मुले आपल्या अथवा कुटुंबाच्या खर्चाने परमुलखात जातात. ती नेहमी जोडीने हिंडतात, एकट्याने नव्हे. भाषा परकी असल्यास काही आठवडे तिचे शिक्षण घेऊन लगेच ती दारोदार बोलावयास लागतात. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजार करणे व घरी पत्र लिहिणे यांसाठी मोकळा असतो. परस्परांस ती नावाने हाक मारीत नाहीत. आडनावापूर्वी मराठीत ‘वडील’ असा ज्याचा अर्थ होईल ती उपाधी लावतात. मराठी बायबलातही ख्रिस्ती मंडळीच्या धुरीणांस ‘वडील’ हाच शब्द आहे. ज्याला अद्याप नीट मिसरूड फुटलेले नाही अशा मुलास ‘वडील’ म्हणून हाक मारलेली ऐकून पेणच्या बाजारपेठेत काय प्रतिक्रिया होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. ह्या तरुणांच्या आठवणींत सिद्धान्तांची चर्चा थोडी व बारीकसारीक गोष्टींची गर्दी फार असते: फाटकावरचे कुत्रे, चुकीच्या जागी पडलेला शब्द, कोणी न मागता दिलेले पाणी, सोबत्याशी झालेली कुरबूर.

हा पंथ आपल्या भागातही एकदा येऊन गेला आहे. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला व पुण्यातही त्याने काही काळ काम केले. त्याला जे थोडे अनुयायी मिळाले ते मुख्यतः युरोपीय व युरेशियन होते. काही वर्षांतच तो प्रयत्न मावळला. एतद्देशीयांच्या भाषेत तो रुजला नाही, आणि मराठीच्या अभ्यासकास त्यातून हाती फारसे लागत नाही. पेण-रोह्याकडे तर त्याची वार्ताही पोचली असेल असे वाटत नाही. परंतु तोच प्रश्न या परिसरात दुसऱ्या दोन निमित्तांनी विचारता येतो. एक निमित्त एकोणिसाव्या शतकात कोकणकिनाऱ्यावर आलेल्या स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांचे. आणि दुसरे, रोह्याच्याच एका सुपुत्राने उभ्या केलेल्या चळवळीचे. त्यांकडे वळण्यापूर्वी आमच्या स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पुढील विवेचनाचे बीज तिच्यात आहे.

बोलींच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांसह पेण तालुक्यातील खारेपाटातल्या आगरी वस्त्यांत काही दिवस हिंडत होतो. विद्यार्थी दोघा-दोघांच्या जोडीने जात. हातात वही, खांद्याला झोळी. आमची प्रश्नावली शब्दांची होती. एका घरी ओटीवर बसलेल्या वृद्ध बाईला आम्ही शब्द विचारीत गेलो आणि ती उत्तरे देत गेली. ‘गाडी’, ‘घोडा’, ‘डोळा’ असे सर्व शब्द तिने आम्हांस जवळजवळ पुस्तकी उच्चारात सांगितले. वही मिटून आम्ही उठलो, तोच अंगणातल्या नातवावर ती ओरडली, आणि त्या एका वाक्यात ‘गारी’ आणि ‘डोला’ हे दोन्ही शब्द ऐकू आले! आगरीत स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ व ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘वीस’चा ‘ईस’ होतो, हे आम्हांस ग्रंथांवरून ठाऊक होतेच. ठाऊक नव्हते ते हे की, आमच्यासाठी तिच्याजवळ एक निराळी भाषा तयार होती. आम्ही तिच्या दारात गेलो होतो. परंतु तिची भाषा उंबरठ्यापाशी येऊन आमच्या भाषेचे वस्त्र नेसून उभी राहिली होती.

त्याच दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीस थोडा राग आला होता. त्या घरातील सर्वांनी तिला सरसकट ‘तू’ म्हटले. शहरात वाढलेल्या मुलीस अनोळखी माणसाचे ‘तू’ खुपले, यात नवल नाही. मग तिच्या लक्षात आले की घरातील सून सासूलाही ‘तू’च म्हणत होती. ह्या बोलीत ‘तू’ने मान कमी होत नाही, ‘तुम्ही’ने अंतर मात्र वाढते. त्या घराने तिला ‘तू’ म्हटले याचा अर्थ तिला आत घेतले असा होता, आणि आम्हां इतरांस ते ‘तुम्ही’ म्हणत राहिले याचाही अर्थ मग ओघानेच लागला.

आता मिशनऱ्यांकडे वळू. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचले. सॅम्युएल न्यूएल पुढच्या वर्षी येऊन मिळाला. कंपनी सरकारची त्यांच्यावर आरंभी वक्रदृष्टी होती. राहण्याची परवानगी मिळविण्यातच त्यांचा पहिला काळ गेला. मराठी शिकणे, छापखाना उभारणे, शाळा काढणे व रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आसपास लोकांशी बोलणे हा त्यांचा क्रम होता. त्यांच्या शाळा मुंबईपासून दक्षिणेस चौल-रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पसरल्या. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला मनुष्य डोनाल्ड मिचेल १८२३ साली आला व त्याच साली वारला. न्यूएल १८२१ साली पटकीने गेला, हॉल १८२६ साली त्र्यंबकेश्वराकडील दौऱ्यात त्याच रोगाने गेला. ही नामावळी देण्याचे कारण करुणा उत्पन्न करणे हे नव्हे. भाषा आत्मसात करावयास जी वर्षे लागतात तीच या लोकांपाशी नव्हती, ही गोष्ट त्यांच्या मराठीचा विचार करताना विसरता येत नाही. जे काही शिकावयाचे ते पुढच्या पावसाळ्याच्या आत.

जॉन विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस उतरला आणि मराठी शिकण्यासाठी पत्नी मार्गारेट हिच्यासह बाणकोट व हर्णै येथे गेला. बाणकोट हे सावित्रीच्या मुखाशी आहे. पलीकडच्या तीरावर आजचा रायगड जिल्हा लागतो. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मराठीतून उपदेश करू लागला होता. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या या विद्वानाची बुद्धी असामान्य होती हे मान्य करूनही काही महिन्यांत कोणती मराठी येते, हा प्रश्न उरतोच. ती पंडिताची मराठी असणार. त्या काळी भाषा शिकविणारा शास्त्री अथवा पंतोजी बहुधा ब्राह्मण असे. सकाळी त्याच्यापाशी बसून जे शिकावे ते सायंकाळी कुणबी, कोळी व आगरी श्रोत्यांसमोर वापरावे, असा तो व्यवहार होता. ऐकणारे काय करीत असतील? आमच्या वृद्ध बाईवरून अनुमान करावयाचे तर तेही साहेबाच्या मराठीस साहेबाच्याच मराठीत उत्तर देत असतील, आणि आपले आपसात गेल्यावर बोलत असतील. प्रचारकास आपण समजलो असे वाटावे व श्रोत्यास आपण सुटलो असे वाटावे, अशी ही सोय उभयपक्षी आहे. रॉबर्ट नेस्बिट यासारख्या एखाद्याच्या मराठी उच्चारांची मोठी ख्याती झाली. पण ख्याती व्हावी लागली यातच तो अपवाद होता हे आले.

तथापि या धडपडीतून जे निर्माण झाले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्याचे मराठी व्याकरण १८३३ साली. कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेची घटना व प्रसार यांविषयीचे टिपण विल्सनने लिहिले. मोल्सवर्थ हा मिशनरी नव्हे, लष्करी अधिकारी होता. आपण आजही ज्या कोशाकडे वळतो त्याच्या मुळाशी पंडितांच्या साह्याने मराठी शिकणारी हीच मंडळी होती. मिठागराच्या बांधाला, खाजणातल्या उघाडीला, कोळ्याच्या जाळ्याच्या भागांना असलेले शब्द त्यात जितके सापडावेत तितके सापडत नाहीत, याचे कारण शब्द सांगणारा पंडित बांधावर उतरत नव्हता हेही असू शकेल.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे पाहू, कारण प्रचारकाच्या दिवसातील खरी झटापट तेथे असते. सेरामपूर येथे केरीने केलेले मराठी भाषांतर पश्चिम किनाऱ्यावर रुळले नाही आणि मुंबईच्या अमेरिकनांनी आपला मराठी ‘नवा करार’ १८२६ साली वेगळा सिद्ध केला. या भाषांतरकारांपुढे जे प्रश्न आले त्यांचे दोन मासले येथे पुरेत. मनुष्याने पुन्हा जन्मले पाहिजे, ही ख्रिस्ती उपदेशातील मध्यवर्ती कल्पना. ती जशीच्या तशी ‘पुनर्जन्म’ या शब्दाने सांगावी तर श्रोता मान डोलावील! त्याला ती आधीच मान्य आहे. किंबहुना त्या फेऱ्यातून सुटावे हीच त्याची इच्छा आहे. वक्ता ज्या गोष्टीचे आमंत्रण देतो तिच्यापासूनच सुटण्यासाठी श्रोता वारी करतो. त्यामुळे ‘नव्याने जन्म’ असा वळसा घ्यावा लागला. दुसरा शब्द ‘तारण’. ‘मोक्ष’ व ‘मुक्ती’ या शब्दांना दर्शनांचा वास येतो म्हणून मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘तारण’ स्थिर झाला, आणि तारून नेणे या अर्थाने तो चांगलाच आहे. परंतु मराठीत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तूही होय. कोकणातल्या ज्या कुळाने खोताचे व सावकाराचे पाश अनुभवले आहेत त्याला तारण हा शब्द प्रथम कोणत्या अर्थाने ऐकू येत असेल? मिशनऱ्याच्या मनात एक चित्र आणि ऐकणाऱ्याच्या मनात जमिनीचा कागद, असे झाले असल्यास त्यात दोघांचाही दोष नाही. शब्द दोघांचाही होता. पण तो निरनिराळ्या घरांतून आलेला होता.

याच्या उलट एक प्रश्न फार सहज सुटला. देवाशी बोलताना कोणते सर्वनाम वापरावे याची चर्चा करण्याचे कारणच पडले नाही. मराठीत देवाला व आईला ‘तू’ म्हणण्याची परंपरा संतांनी आधीच पक्की केली होती. पुढे कोकणातच जन्मलेल्या व १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली तेव्हा ह्या ‘तू’ने त्यांचे निम्मे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही. पण देवाचे ‘तू’ सोपे गेले म्हणून कुणब्याचे ‘तू’ सोपे गेले असेल असे नाही. इंग्रजी बोलणाऱ्यास दैनंदिन व्यवहारात एकच द्वितीयपुरुषी सर्वनाम असते. ज्या पंडितापाशी तो शिकतो तो कुणब्यास ‘तू’ म्हणतो ते वरून खाली. कुणबी परस्परांस ‘तू’ म्हणतात ते बरोबरीने. एकच अक्षर, आणि शिकणाऱ्याच्या कानावर मात्र पहिले आधी पडते. किती साहेबांनी पंडिताचे ‘तू’ उचलून ते आपुलकीचे समजून वापरले असेल, हे सांगावयास आज कोणी साक्षीदार नाही.

मिशनऱ्यांच्या कामाचा आणखी एक धागा थेट आमच्या शास्त्रात येऊन मिळाला आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा ठाऊक नसतो. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. कुलाब्याच्या आगरीसह कोकणातील अनेक बोलींचे नमुने त्यात आहेत. देशभरच्या बोलींची तुलना करता यावी म्हणून पहिला नमुना सर्वत्र एकच घेतला गेला, तो म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. तुलनेच्या दृष्टीने योजना सोयीची होती. हिंदू वाचकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मूळ मजकुरात थोडा फेरफारही केला होता. परंतु त्यामुळे मीठ पिकविणाऱ्यांच्या बोलीचा हा मुद्रित पुरावा डुकरे राखणाऱ्या एका मुलाच्या कथेत बसवलेला आहे, आणि त्या कथेत ना मिठागर आहे ना भरती-ओहोटी. आमची गाडी-घोडा-डोळा ही प्रश्नावली त्याच वंशातली. मिशनऱ्यांवर टीका करताना आपण त्यांच्याच झोळीतली वही काढून बसलो आहोत, याचे भान असलेले बरे.

येथवर जे सांगितले त्यात प्रचारक व श्रोता यांच्यामधील अंतर दिसले. पेण-रोह्याच्या इतिहासात मात्र असा एक समाज आहे की, ज्याने मिशनऱ्यांकडून पुष्कळ घेतले, मनापासून घेतले, आणि तरीही मिशनऱ्यांना जे द्यावयाचे होते तेवढेच नेमके घेतले नाही. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, चौलकर ही त्यांची आडनावे म्हणजे या किनाऱ्याचा नकाशाच होय. त्यांची मातृभाषा मराठी. प्रार्थनामंदिरास ते ‘मशीद’ म्हणत; मुंबईचे मशीद बंदर हे नावही त्यांच्याच जुन्या मंदिरावरून पडले. पेण येथेही त्यांचे मंदिर आहे. स्वतःस ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलाची लेकरे म्हणवून घेणे त्यांना आवडे. ‘यहुदी’ हा शब्द त्यांना फारसा रुचत नसे.

इब्री भाषा त्यांच्यापाशी जवळजवळ उरलेली नव्हती. प्रार्थनेतील ‘शेमा’ तेवढा त्यांनी धरून ठेवला होता. पण सण होते, आणि ते मराठीत होते. हायेम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात त्यांची जी नावे नोंदवून ठेवली आहेत ती भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावीत. वर्षारंभाच्या सणास ‘नव्याचा सण’. त्यानंतरच्या एका सणास ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासास ‘दारफाळणीचा सण’ व त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. वल्हांडणास ‘अनशी ढाकण्याचा सण’, कारण त्या वेळी आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवावयाचे. पुरिमास ‘होळीचा सण’. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या उपवासास ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे. पेण-अलिबागकडील वालाची ख्याती वाचकांस सांगावयास नको. एका प्राचीन राष्ट्राच्या विनाशाचा शोक कोकणातल्या स्वयंपाकघरातील एका पदार्थाच्या नावाने सांगितला जातो, आणि त्याला जोडलेला ‘रोजा’ हा शब्द फारसी. मुसलमान शेजाऱ्यांच्या द्वारे आलेला. ‘दारफाळणी’चा अर्थ परंपरेने दारे बंद करणे असा देतात. प्रमाण मराठीत ‘फाळणे’ म्हणजे दुभागणे. दार लावणे या अर्थाने तो येथे कसा आला हे स्वतंत्र टिपणाचा विषय होईल. त्या दिवशी हे लोक दारे लावून घरात बसत व इतरांचा स्पर्श टाळीत.

या समाजाचा शोध लागल्यावर मिशनऱ्यांस विशेष आनंद झाला हे स्वाभाविकच होते. ‘जुना करार’ ज्यांचा, ते लोक येथेच मराठी बोलत घाणा फिरवीत होते. त्यांना त्यांचाच ग्रंथ वाचावयास शिकवावा म्हणजे पुढचे पाऊल ते आपणहून टाकतील, असा हिशेब होता. अमेरिकनांनी त्यांच्या मुलांना शाळांत घेतले, त्यांच्यातीलच शिक्षक नेमले. विल्सनने १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक त्यांच्यासाठी काढले. मराठी बायबलामुळे अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा त्यांना प्रथमच आपल्या भाषेत सविस्तर वाचता आल्या.

आणि मग त्यांनी काय केले? ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे अगदी थोडे निघाले. बाकीचे अधिक जाणते यहुदी झाले. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचाही त्यात मोठा वाटा होता. सारे श्रेय अथवा अपश्रेय मिशनऱ्यांचे नव्हे. पण व्याकरण त्यांचे, शाळा त्यांच्या, छापील ग्रंथ त्यांचा. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्यांनी इब्री प्रार्थना मराठीत आणल्या. सणांना इब्री नावे परत मिळाली आणि ‘बिरड्याचा रोजा’ हळूहळू मागे सरला. विल्सनच्या पुस्तकाने विल्सनचा हेतू पार पडला नाही. त्या समाजाचा स्वतःचा हेतू पार पडला. किहीमकरांनी मिशनऱ्यांविषयी कृतज्ञताच व्यक्त केली आहे. त्या कृतज्ञतेत कोठे उपरोध नाही, आणि म्हणूनच ती मिशनऱ्यांस ऐकावयास काहीशी अवघड गेली असेल.

याच्या पुढचे पाऊल आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. बेने इस्राएलांनी मुंबईत १८८० साली कीर्तनाची मंडळी काढली आणि बायबलातील चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, सर्व काही हरिदासी थाटाचे. या उपक्रमात पुढाकार घेणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव येते. अष्टमी म्हणजे रोह्याच्या पलीकडे कुंडलिकेच्या तीरावरील गाव. मिशनऱ्याने छापलेल्या मजकुरातून कथा घ्यावयाची, ती नारदाच्या गादीवरून सांगावयाची, आणि ऐकणाऱ्याने शेवटी शेमा म्हणून घरी जावयाचे! ख्रिस्ती प्रचारकांनीही कीर्तनाचे महत्त्व ओळखून ते अहमदनगरकडे वापरले होते; पण त्यांना तो प्रकार शिकून घ्यावा लागला. अष्टमकरांच्या मंडळीस तो शिकावा लागला नाही. तो त्यांच्या आळीतून ऐकू येत असे.

दुसरे निमित्त रोह्याचे. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यास झाला. त्यांचे वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली मुंबईत माधवबागेत श्रीमद्‌भगवद्‌गीता पाठशाळा सुरू केली होती; तेथील प्रवचनांतून पुढे स्वाध्याय परिवार वाढला. १९९६ साली मॅगसेसे व १९९७ साली टेंपलटन पुरस्कार मिळून शास्त्रीबुवांचे नाव जगभर झाले. २००३ साली ते निवर्तले. येथे प्रस्तुत आहे ती त्यांच्या अनुयायांची ‘भक्तिफेरी’. स्वाध्यायी आपला व्यवसाय सांभाळून, आपल्या खर्चाने, गटाने दुसऱ्या गावी जातात, घरोघर भेटतात, आणि यजमानाच्या घरचे अन्न न घेता आपले आपण खातात. ह्याला प्रचार म्हणू नये असा त्यांचा आग्रह असतो. मॉर्मन तरुणाच्या दिनक्रमाशी बाह्यतः याचे साम्य इतके आहे की तुलनेचा मोह आवरत नाही. फरक मात्र भाषेच्या ठिकाणी आहे. मॉर्मन तरुणास भाषा मुळातूनच येत नसते, म्हणून तो समोरच्याचा शिष्य होतो, निदान काही दिवस. स्वाध्यायी मराठी अथवा गुजराती बोलतच येतो. त्याची अडचण सूक्ष्म आहे: ‘कृतिभक्ती’, ‘भावफेरी’, ‘तेजस्विता’ अशा संस्कृतप्रचुर शब्दांची झोळी खाली ठेवल्यावाचून कोळीवाड्यात संभाषण पुढे सरकत नाही. आपल्याच भाषेत आपण परके असू शकतो, हे ज्याला परकी भाषा शिकावी लागत नाही त्याच्या उशिरा लक्षात येते. आमची तीच स्थिती ओटीवर झाली होती.

अन्न न घेण्याच्या नियमाविषयी एक शंका नोंदवून ठेवतो. कोणावर भार पडू नये, देण्याघेण्याचा संबंध जडू नये, हा त्यामागील विचार उघड आहे आणि तो आदरणीय आहे. परंतु पेणकडील घरांत आम्ही पाहिले ते असे की, जोवर पाहुणा तांदळाची भाकरी मोडीत नाही तोवर त्याच्याशी ‘तुम्ही’ सुटत नाही. ज्या विद्यार्थिनीस ‘तू’ ऐकून राग आला होता, तिनेच त्या घरी सर्वांआधी जेवण घेतले होते; आम्ही इतर डबे घेऊन गेलो होतो. दोहोंचा संबंध त्या वेळी आमच्या ध्यानात आला नाही.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलात गेली. रायगडात आता थोडीच घरे उरली आहेत. तिकडे त्यांच्यासाठी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. दारफाळणी, बिरड्याचा रोजा, अनशी ढाकणे हे शब्द तोंडी वापरात असलेले जे वृद्ध अद्याप हयात असतील त्यांच्या उच्चारांचे ध्वनिमुद्रण होणे निकडीचे आहे. आमच्या विभागातील दोन विद्यार्थ्यांनी पेण, अष्टमी व रेवदंडा येथून त्यास आरंभ करावा अशी योजना आहे. या खेपेस प्रश्नावली दिलेली नाही. डबाही नेऊ नये, असे सांगितले आहे.